स्वतःचाच राजीनामा मागणारा प्रशिक्षक

19 जून 1949. पॅरिसजवळच्या कोलोंबच्या मैदानावर फुटबॉलमध्ये फ्रान्सला स्पेनने 5-1 असं धुतलं. त्यानंतर ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकात एक निनावी लेख आला. संघाच्या प्रशिक्षकाने आता पायउतार व्हावं, असं त्यात म्हटलं होतं. लेख लिहिणारे होते गाब्रिएल आनो. आणि प्रशिक्षक? तेही गाब्रिएल आनोच! पुढे त्यांनी खरोखरच पद सोडलं.

तुम्ही हसताय, पण मला यात निव्वळ गंमत दिसत नाही. हा माणूस आयुष्यभर दोन खुर्च्यांवर बसला: एक मैदानातली, दुसरी वर्तमानपत्रातली. पेचात सापडल्यावर त्यांनी दुसरीची बाजू घेतली.

जन्म 1889 चा, उत्तर फ्रान्समधल्या आरासचा. ते तुर्क्वँकडून आणि काही काळ जर्मनीतल्या म्यून्स्टरच्या क्लबकडून बचावफळीत खेळले. 1908 ते 1919 या काळात राष्ट्रीय संघाकडून 12 सामने. मधे महायुद्ध झालं. जर्मनांच्या कैदेतून ते निसटले, वैमानिक झाले आणि विमानाच्या अपघातानेच त्यांचं खेळणं संपवलं. मग हाती लेखणी आली. खेळाडूंना उघड पगार मिळावा, चोरून पाकिटं नकोत, यासाठी ती झिजवली. 1932 मध्ये फ्रान्समध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रीय संघाची जबाबदारी आली, आणि तिचा शेवट कसा झाला ते सुरुवातीलाच सांगितलं.

आता खरी मजा. डिसेंबर 1954. इंग्लंडच्या वुल्व्हज क्लबने हंगेरीचा नामवंत खेळाडू पुश्काश याच्या होनवेद क्लबला, 0-2 ने मागे असताना, घरच्या चिखलात 3-2 ने हरवलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी लगेच वुल्व्हजला जगज्जेते ठरवून टाकलं. आनोंनी लेकिपमध्ये शांतपणे विचारलं: आधी मॉस्कोला आणि बुडापेस्टला जाऊन खेळा की! मिलान आहे, रेआल माद्रिद आहे. त्यापेक्षा सगळ्या युरोपच्या क्लबांची एक स्पर्धाच का होऊ नये?

नुसतं विचारून हे लोक थांबले नाहीत. फुटबॉल महासंघ चालढकल करत होते, तेव्हा वर्तमानपत्रानेच एप्रिल 1955 मध्ये क्लबांना पॅरिसला बोलावलं. बातमीदारांनी स्पर्धा उभी करायची, ही कल्पना आपल्याला आज जरा विचित्रच वाटेल! सप्टेंबरमध्ये लिस्बनला पहिला सामना झालासुद्धा. आज आपण ज्या चॅम्पियन्स लीगसाठी मध्यरात्री घरच्यांची बोलणी खातो, तिचं मूळ हे.

पहिल्या वर्षी 16 संघ उतरले. त्यांत इंग्लंडचा एकही नव्हता. इंग्लंडची लीग जिंकलेल्या चेल्सीला तिथल्या लीगनेच जाऊ दिलं नाही. आणि वुल्व्हज? ते या स्पर्धेत आले 1958 मध्ये. पहिल्याच फेरीत जर्मनीच्या शाल्केने त्यांना घरी पाठवलं.