बाय मिळाला, घात झाला

१ जानेवारी २०२५. कॅलिफोर्नियातलं रोझ बोल स्टेडियम, कॉलेज फुटबॉलचा सामना. मध्यंतरही झालेलं नाही आणि फलक दाखवतोय: ओहायो स्टेट ३४, ओरेगन ०.

ओरेगनला अव्वल मानांकन होतं. हंगामात एकही पराभव नाही. ऑक्टोबरमध्ये याच ओहायो स्टेटला त्यांनी ३२-३१ असं निसटतं हरवलं होतं. मग झालं काय?

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळतात ते. २०२४च्या हंगामात त्याच्या प्लेऑफमध्ये चारऐवजी बारा संघ आले. पहिल्या चार मानांकितांना बाय, म्हणजे थेट उपांत्यपूर्व फेरी.

पण ही चार मानांकनं कॉन्फरन्स (म्हणजे कॉलेज संघांचे वेगवेगळे गट) विजेत्यांसाठी राखीव. त्यामुळे क्रमवारीत नववा बॉयसी स्टेट झाला तिसरा मानांकित, बारावा ॲरिझोना स्टेट चौथा. आणि क्रमवारीत तिसरा असलेला टेक्सास ढकलला गेला पाचव्यावर. बिचारा टेक्सास? छे! त्याला घरच्या मैदानावर बारावा मानांकित क्लेमसन मिळाला, पुढे ॲरिझोना स्टेट. अव्वल ओरेगनच्या वाट्याला मात्र आठव्या-नवव्याच्या लढतीतला विजेता, ओहायो स्टेट. फेरीनंतर ड्रॉ नव्याने लावायची सोयच नव्हती.

आता तारखा बघा. ओरेगनचा आधीचा सामना ७ डिसेंबरला, म्हणजे पंचवीस दिवसांचा खंड. ओहायो स्टेट २१ डिसेंबरला कोलंबसच्या कडाक्याच्या थंडीत, आपल्याच प्रेक्षकांसमोर, टेनेसीला ४२-१७ असं धुऊन आलेला. पहिली फेरी वरच्या मानांकिताच्या घरी, उपांत्यपूर्व फेरी तटस्थ मैदानावर. म्हणजे बाय घेतला की घरचा सामना गेलाच.

ओरेगन ४१-२१ हरला. जॉर्जिया, बॉयसी स्टेट, ॲरिझोना स्टेट, बायवाले बाकी तिघेही गारद. सगळं खापर सुट्टीवर फोडता येणार नाही. बॉयसी आणि ॲरिझोना मुळातच कागदावर कमकुवत होते. विजेता ठरला आठवा मानांकित ओहायो स्टेट.

मे २०२५मध्ये नियम बदलला: मानांकन थेट क्रमवारीप्रमाणे. लांबलचक खंड आणि तटस्थ मैदान मात्र जैसे थे. पुढच्या हंगामातही बायवाल्या चौघांपैकी तिघे पहिल्याच सामन्यात बाद झाले. टिकला एकटा इंडियाना. त्याने रोझ बोलमध्येच अलाबामाला ३८-३ लोळवलं आणि विजेतेपदही नेलं.