मॉस्किटो : सरसाने जोडलेलं बॉम्बर

ऑक्टोबर १९३९. लंडनच्या उत्तरेला सॅल्सबरी हॉल नावाच्या जुन्या वाड्यात द हॅविलंड या ब्रिटिश विमान कंपनीचे अभियंते मुक्कामाला आले. रोनाल्ड बिशप यांच्या हाताखाली आखलं जाणारं मॉस्किटो हे बॉम्बर, म्हणजे बॉम्ब टाकणारं विमान, निराळं होतं. त्यात बंदुका नव्हत्या, आणि वैमानिक व दिशादर्शक असे दोघंच जण. बचाव करायचा तो वेगाने. युद्धात अ‍ॅल्युमिनिअम कमी पडणार हे दिसत होतं, म्हणून बांधणी लाकडाची. त्यामुळे फर्निचरच्या कारखान्यांतले कसबी सुतारही या कामाला लागले.

धडाची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. धडाचे डावा आणि उजवा असे दोन अर्धे. प्रत्येकाचा साचा महोगनीचा किंवा काँक्रीटचा. साच्यावर बर्चच्या लाकडाचं तीनपदरी प्लायवुड, सरस, त्यावर इक्वेडोरचं बाल्सा हे अगदी हलकं लाकूड, जास्तीत जास्त ७/१६ इंच जाड, पुन्हा सरस, पुन्हा प्लायवुड. वरून पट्टे आवळून सरस वाळू द्यायचा. प्लायवुडचे दोन पातळ थर बाल्साने एकमेकांपासून लांब धरले, की हलकं कवचही सहज वाकत नाही. पण जोर पडतो तिथे बाल्सा चिरडतं. तिथे स्प्रूस हे जास्त मजबूत लाकूड भरायचं.

वायरी, नळ्या, केबल हे सगळं दोन्ही अर्धे उघडे असतानाच आत बसवायचं, सोललेल्या मटाराच्या शेंगेसारखं. मग अर्धे चिकटवायचे आणि वरून मादापोलम हे सुती कापड ताणायचं. या कापडाचं नाव आलंय आंध्रातल्या नरसापूरजवळच्या गावावरून.

२५ नोव्हेंबर १९४०ला हॅटफिल्डहून पहिलं उड्डाण झालं. शेपूट थरथरायची, इंजिनांची आवरणं मागे लांबवल्यावर ते थांबलं. फेब्रुवारी १९४१मध्ये बॉस्कोम्ब डाउन या विमानचाचणी केंद्रात खडबडीत जमिनीवर शेपटीचं चाक अडकलं आणि धडाला तडा गेला. टेहळणी विमानासाठी बनवलेलं धड आणून बसवलं. पुढच्या चाचण्यांत २२,००० फुटांवर ताशी ३९२ मैल वेग मिळाला. तेव्हाचं स्पिटफायर हे लढाऊ विमानही मागे पडलं.

खरी कसोटी लागली ती १९४४मध्ये, भारतात. पंखाचं वरचं आवरण मुख्य तुळईपासून (पंखाला आतून पेलणाऱ्या लांब दांड्यापासून) सुटून विमानं कोसळली. आधी बोट गेलं उष्णतेकडे, पावसाळ्याकडे, दुधातल्या केसिनच्या सरसाकडे. पण पुढच्या तपासात, पावसाळा कधी न पाहिलेल्या विमानांतही तोच दोष निघाला. कारखान्यातच सांधे नीट चिकटवले गेले नव्हते. म्हणून तुळईवरचा आवरणाचा सांधा पंखाच्या टोकापर्यंत प्लायवुडच्या पट्टीने झाकून बंद करण्यात आला.