मार्चमधली बादली

श्रोतेहो, नमस्कार.

पणजीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटी बाग आहे. पाचेक वर्षांपूर्वी तिचं फाटक गंजून मोडलं होतं, घसरगुंडीखाली घाणेरी माजली होती. तिन्हीसांजेला बायका मुलांचा हात धरून तिथून झपाझप पुढे जायच्या. आम्ही सातआठ शेजारी एका रविवारी कोयते नि फावडी घेऊन आत शिरलो. तीन रविवारांत रान साफ झालं. लोक कौतुकानं बघायला आले, फोटो निघाले. खरं सांगते, ते काम सोपं होतं.

अवघड काम गुलमोहराखाली होतं. पेव्हर ब्लॉक अगदी बुंध्याला टेकवून बसवलेले, फटींत सिमेंट. बुंधा वाढत गेला, सिमेंट तसंच राहिलं आणि सालीत खोल वळ उमटला. मुळांनाही हवा लागते. वरची जमीन बंद झाली की पावसाचं पाणी गटारात जातं, मुळं गुदमरतात, कुजतात. मग मे महिन्यात वादळी वाऱ्यात झाड उन्मळलं की आपण म्हणतो, झाड जुनं झालं होतं. रीतसर परवानगी काढून आम्ही छिन्नी-हातोड्यानं एकेक ब्लॉक सोडवला. मशीन लावलं नाही, मुळं दुखावली असती. चार हातांचं आळं मोकळं करायला दोन सकाळी गेल्या. खालची माती राखेसारखी कोरडी, एक गांडूळ दिसेल तर शपथ! पहिला पाऊस आला तेव्हा त्या आळ्यात पाणी साचलं आणि बघता बघता आत मुरलं. आम्ही चौघं छत्र्या धरून नुसते बघत उभे होतो.

शेजारच्या झाडांच्या खोडांतून जाहिरातींच्या पाट्यांचे खिळेही उपटले. त्याबद्दल जास्त बोलत नाही, बोलले की राग येतो.

रोपांचं मात्र सांगायलाच हवं. कन्हैयालाल मुन्शींनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै हा आपला झाडं लावायचा महिना. आम्हीही पहिल्या जुलैत बारा रोपं लावली. बकुळ, म्हणजे आपली ओंवळां, करंज, जांभूळ. गोव्याच्या पावसात रोप आपसूक तगतं, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पाऊस सरला आणि आम्हीही सरलो. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. शिमग्यापर्यंत बारांतली दोनच हिरवी उरली. दहा रोपं आमच्या निष्काळजीपणानं गेली.

आता पाळ्या ठरलेल्या आहेत. आळ्यात नारळाची सोडणं उलटी पसरतो, त्यानं ओल धरून राहते. सोडण उताणं पडलं तर त्यात पाणी साचून डास होतात, म्हणून पावसाळ्याआधी ती उचलून खतात घालायची. पालापाचोळा जाळायचा नाही, कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकायचा. रोपांना नावाच्या पाट्या लावल्यात, खिळा न ठोकता, शेजारी काठी रोवून. पणजीच्या चर्चसमोरच्या उद्यानाला ज्याचं नाव आहे, त्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया दे ऑर्ताचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्याच गोव्यातल्या आमच्या मुलांना ओंवळ ओळखता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटत होतं.

तुमच्याही वाड्यावर अशी एखादी बाग असेल. यंदा जुलैत तिथं रोप लावणार असाल तर खड्डा खणण्याआधी एक कागद घ्या आणि मार्चमध्ये पाणी कोण घालणार, त्यांची नावं लिहा. नावं चार असतील तर रोपंही चारच लावा.

आमच्या कागदावर सोमवारचं नाव पदेराचं, म्हणजे आमच्या पाववाल्याचं आहे. आम्ही त्याला विचारलं नव्हतं. पहाटे पोय-पावांची टोपली लावून सायकलवरून जाताना त्यानं एकदा मला दोन बादल्या ओढताना पाहिलं, सायकल भिंतीला टेकवली आणि एक बादली हातातून घेतली. गेली तीन वर्षं सोमवारी आमच्या गल्लीत पोय दहा मिनिटं उशिरा येते.

नमस्कार.