तेवीस एप्रिलचा झेंडा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी एप्रिलात सासूबाई सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडला आल्या होत्या. रविवारची सकाळ, घराबाहेर पडायची घाई, आणि लेकीचा स्काउटचा स्कार्फ माझ्याकडून काही केल्या नीट वळला जाईना. सासूबाईंनी तो ओट्यावर पसरला, अळूवडीचा उंडा वळतात तसा घट्ट वळत आणला आणि नातीच्या गळ्यात घातला. मग विचारलं, "सण कसला गं आज?"

सेंट जॉर्जचा. २३ एप्रिल हा त्याचा दिवस. तो इंग्लंडचा संरक्षक संत, आणि स्काउटांचाही. म्हणून त्याच्या आसपासच्या रविवारी गावोगावची मुलं झेंडे घेऊन चर्चपर्यंत संचलन करतात आणि आपलं वचन पुन्हा म्हणतात.

चालता चालता मी त्यांना सांगत होते. या संताने इंग्लंड कधी पाहिलंच नाही. परंपरा सांगते की तो रोमन सैन्यातला शिपाई, घराणं आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाचं. सम्राट डायोक्लेशनच्या काळात त्याने आपली ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही, म्हणून इसवी सन ३०३ च्या सुमारास लिड्डा इथे, म्हणजे आताच्या इस्रायलमधल्या लोदला, त्याला मारलं. त्याने ड्रॅगन मारल्याची गोष्ट कितीतरी शतकांनंतरची. इंग्लंडचे आधीचे संत घरचेच होते, एडमंड आणि एडवर्ड, दोघेही राजे. पुढे राजा तिसऱ्या एडवर्डने गार्टर हा मानाचा सरदारसंघ जॉर्जच्या छत्राखाली काढला, आणि १४१५ मध्ये, इंग्लंडने फ्रान्सविरुद्धची अजिनकोर्टची लढाई जिंकली त्याच वर्षी, हा दिवस मोठा सण ठरला. जॉर्जिया, इथिओपिया, स्पेनमधलं कॅटालोनिया यांचाही तो संत. बेथलेहेमजवळ अल-खादर गावात तर त्याच्या दारी मुसलमानही नवस घेऊन जातात.

"मग तो सगळ्यांचाच की," सासूबाई म्हणाल्या.

इंग्लंडात मात्र या सणाला सुट्टी नाही. सेंट पॅट्रिकची उत्तर आयर्लंडला आहे, सेंट अँड्र्यूची स्कॉटलंडला आहे. मला वाटतं, ब्रिटिशपणाखाली इंग्लिशपण फार वर्षं झाकून गेलं. १९६६ च्या वर्ल्ड कपला वेम्बलीवर इंग्लंडचे पाठीराखे युनियन जॅक, म्हणजे सगळ्या ब्रिटनचा झेंडा, हलवत होते. पांढऱ्यावर लाल क्रॉस, म्हणजे सेंट जॉर्जचा, इंग्लंडचा स्वतःचा झेंडा, तिथे ठळक दिसला तो १९९६ च्या युरो स्पर्धेत. आणि हाच झेंडा काहींनी आमच्यासारख्यांना धाक दाखवायला वापरला, हेही खरं आहे. नवीन आले तेव्हा तो खिडकीत दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जायची. त्या भीतीपायी झेंडा त्यांच्या ताब्यात सोडून द्यायचा, हे आता मला मुळीच पटत नाही.

आपण इथले लोक स्वतःला "ब्रिटिश इंडियन" सहज म्हणवतो. "इंग्लिश" म्हणताना जीभ अडते. माझ्या लेकीची अडत नाही. "आजी, मी मराठी आणि इंग्लिश," तिने सांगून टाकलं. आठ दिवसांनी आलेल्या १ मेला तिने तितक्याच उत्साहाने महाराष्ट्र गीत म्हटलं.

त्या सकाळी वारा फार होता. कोपऱ्यावर झेंडा धरायची तिची पाळी आली आणि कापड फडफडत तिच्या तोंडावर यायला लागलं. आम्ही कडेला उभे होतो. सासूबाई फुटपाथवरून उतरल्या, झेंड्याचं टोक हातात धरलं, आणि चर्चच्या फाटकापर्यंत नातीच्या पावलाला पाऊल लावून चालत गेल्या.