राहू, सावली आणि गुरूला "नाही" म्हणणं

नमस्कार मंडळी,

समितीने विषय दिला "पुराणकथेतून स्वतंत्र विचार कसा बाहेर आला", आणि वेळ दिली जेवणाच्या अगदी आधीची, म्हणजे आवरतं घेण्याची जबाबदारी आपोआप माझ्यावर. त्यामुळे सगळं जग कव्हर करत नाही, ग्रहण धरून ठेवतो आणि त्याच्या आजूबाजूला फिरतो.

राहूची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. समुद्रमंथन, अमृत, देवांच्या पंगतीत घुसलेला असुर, सूर्य-चंद्रांनी केलेली चुगली, विष्णूचं चक्र, आणि मग उरलेलं डोकं संधी मिळेल तेव्हा सूड उगवतं. यात वेडगळ असं काही नाहीये हो, उलट गोष्ट फार हुशारीने रचलीये. सूर्य का गिळला जातो तेही सांगते आणि गिळलेला परत बाहेर कसा येतो तेही (धडच नाही तर राहणार कुठे!). म्हणजे दिसतं ते सगळं बसतं. फक्त ती उत्तर देते एकाच प्रश्नाचं, कोणी केलं? आणि कोणी ते एकदा कळलं की पुढचं काम ठरलेलं, त्याला शांत करा, आणि शांत कसं करायचं हे ज्यांना माहीत त्यांचा मान ठेवा. म्हणून कथेवर शंका घेणं हे कधीच नुसतं कथेवर शंका घेणं नसतं, ते घरातल्या मोठ्यांपासून राजापर्यंत सगळ्यांना जाऊन लागतं.

आता इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातलं मायलेटस. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं ग्रीक बंदर, इजिप्तपासून काळ्या समुद्रापर्यंत व्यापार. तिथला तत्त्वज्ञ थेलीस म्हणाला सगळ्याचं मूळ पाणी, आणि पृथ्वी पाण्यावर तरंगते. चूकच आहे. पण मला त्याच्यापेक्षा त्याचा शिष्य मानला जाणारा अॅनॅक्झिमँडर जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण त्याने सरळ गुरूचं खोडून काढलं. पृथ्वी पाण्यावर, तर मग पाणी कशावर? त्याचं म्हणणं असं की पृथ्वी कशावरच नाहीये, ती सगळ्यापासून सारख्या अंतरावर आहे, त्यामुळे अमुकच बाजूला पडायचं तिला काही कारणच नाही, म्हणून ती आहे तिथे आहे. विचार करा, दुर्बीण नाही, काही नाही, नुसत्या तर्काच्या जोरावर या माणसाने पायाखालचा आधार काढून घेतला! त्याची पृथ्वी ढोलासारखी होती ते सोडून द्या. आणि त्याच्यानंतरचा अॅनॅक्झिमिनीस म्हणाला छे, मूळ तत्त्व हवा, आणि पृथ्वी हवेवर टेकलीये, म्हणजे माझ्या मते एक पाऊल मागेच गेला. पण तीन पिढ्यांत तीन मतं झाली आणि तिघंही एकाच परंपरेतले म्हणून ओळखले जातात, "गुरुद्रोही" म्हणून कोणी बाहेर पडलं नाही. मला वाटतं खरी नवी गोष्ट ही आहे. बरोबर उत्तर नव्हे, गुरूला चूक म्हणून गुरूच्याच परंपरेत राहता येणं.

याच भागातला कवी-तत्त्वज्ञ झेनोफेनीस पंचविशीत गाव सोडून निघाला आणि पुढची सदुसष्ट वर्षं भटकत होता असं त्यानेच लिहून ठेवलंय (आपल्यातल्या काही जणांना हे ओळखीचं वाटेल). त्याच्या लक्षात आलं की इथिओपियन लोकांचे देव काळे आणि चपट्या नाकाचे, ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसियन लोकांचे देव निळ्या डोळ्यांचे, आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी घोड्यांसारखेच देव काढले असते. हे सुचायला दोन गावचे देव शेजारी शेजारी बघावे लागतात. अर्थात परदेशात राहिलं की आपोआप असं सुचतं असं काही नाही, उलट आपलंच जास्त घट्ट धरून ठेवायची सवयही लागते, ते आपण इथे बघतोच!

म्हणजे हे सगळं ग्रीकांचंच का? अजिबात नाही. छांदोग्य उपनिषदातला श्वेतकेतू घ्या. बारा वर्षं वेद शिकून चोविसाव्या वर्षी घरी आलेला, चांगलाच ताठलेला मुलगा. वडील, उद्दालक आरुणी, त्याला सांगतात पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी म्हणतात, हं, ऋचा म्हण, यजू म्हण, सामं म्हण. मुलाला काही आठवेना! मग म्हणतात जा, जेवून ये. जेवून आला, आणि जे विचारतील ते सगळं घडाघडा सांगायला लागला. निष्कर्ष काय, तर मन अन्नातून बनतं. हा चक्क एक्सपेरिमेंट आहे, खाणं बंद, रिझल्ट, खाणं सुरू, परत रिझल्ट. आणि मजा म्हणजे मोजायला वापरलंय काय, तर पाठ केलेले वेद! परंपरेच्या पोटात बसूनच हा माणूस परंपरेचा मोजपट्टीसारखा वापर करतोय.

परत ग्रहणाकडे येतो, कारण गोष्टीत खरी गुंतागुंत इथे आहे. इ.स. ४९९ मध्ये आर्यभट तेवीस वर्षांचा होता, आर्यभटीयात त्याने स्वच्छ लिहिलं, "छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया", चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. विषय संपला, राहूचं नाव नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हेही त्याने लिहिलं, नावेत बसून जाणाऱ्याला काठावरची स्थिर झाडं उलटी जाताना दिसतात तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेला जाताना दिसतात. आता पुढे काय होतं बघा. नंतरचा ज्योतिषी वराहमिहिर सावली मान्य करतो, पण राहूला ब्रह्मदेवाचा वर आहे, ग्रहणातल्या दान-हवनाचा वाटा त्याला मिळतो, म्हणून त्या वेळी तो तिथे हजर असतो, अशी तडजोड काढतो. घरात शांतता राखायची पद्धत! ब्रह्मगुप्त, हा तर प्रचंड गणिती, इ.स. ६२८ च्या ग्रंथात आर्यभट आणि वराहमिहिर यांना नाव घेऊन सुनावतो की ग्रहण राहूमुळे होत नाही म्हणणं वेद आणि स्मृतींच्या विरुद्ध आहे, आणि मग त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित करतो ते चंद्राचा आणि सावलीचा व्यास घेऊन. आणि पृथ्वीच्या फिरण्याचं तर नंतरच्या टीकाकारांनी आर्यभटाच्या श्लोकातलं "भूः" बदलून "भं" केलं, म्हणजे पृथ्वी फिरत नाही, तारेच फिरतात. एका अक्षरात काम झालं.

साधारण १०३० मध्ये भारतावर ग्रंथ लिहिणारा मध्य आशियातला विद्वान अल्-बिरूनी हे वाचून थक्क होतो, ब्रह्मगुप्ताला जवळजवळ समोर बसवून विचारतो की असं म्हणतोस तर मग व्यास कशाला मोजत बसलास? आणि पुढे स्वतःच म्हणतो, बहुतेक सॉक्रेटिससारखी (मतांपायी विषाचा प्याला घ्यायची) वेळ आपल्यावर येईल या धाकाने त्याने हे लिहिलं असावं. म्हणजे उत्तर माहीत असणं आणि ते मोकळेपणाने म्हणता येणं यात केवढी दरी आहे! धाकच होता की श्रद्धा, हे आपल्याला कसं कळणार, पण अल्-बिरूनीने प्रश्न बरोबर ठिकाणी टाकला असं मला वाटतं.

तरी गोष्ट इथे थांबत नाही. केरळात परमेश्वर नावाच्या ज्योतिर्विदाने पंचावन्न वर्षं ग्रहणं डोळ्यांनी बघितली, जुनी गणितं आकाशाशी जुळत नाहीत हे दिसल्यावर १४३१ मध्ये "दृग्गणित" लिहून ती दुरुस्त केली. त्याच्या मुलाचा शिष्य नीलकंठ सोमयाजी. तोपर्यंत गंमत अशी झाली होती की खुद्द आर्यभटच कथेत जाऊन बसला होता, त्याच्या तपावर प्रसन्न होऊन ब्रह्मदेवाने त्याला ज्ञान दिलं, मग ते तपासायचं कशाला असं लोक विचारत होते. नीलकंठाने त्यांना चक्क मंदबुद्धी म्हटलंय. देवाच्या प्रसादाने बुद्धी स्वच्छ होते इतकंच, ब्रह्मा किंवा सूर्य काही स्वतः येऊन शिकवत नाहीत, असं त्याचं उत्तर. पुढे त्याने आर्यभटीयावर मोठं आदराचं भाष्य लिहिलं, आणि बुध-शुक्राच्या गतीचं परंपरेने चालत आलेलं गणित मात्र बदलून टाकलं.