म्हाकुळाची नस

मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. ट्रॉलरवरून म्हाकुळाचे, म्हणजे स्क्विडचे, क्रेट उतरतायत. धक्क्याच्या कडेला बसलेल्या मावशी एक म्हाकूळ उचलतात, डोकं धरून ओढतात. शाईची पिशवी, आतडी, सगळं डोक्यासोबत बाहेर. मग पाठीतली काचेसारखी पारदर्शक पात उपसतात आणि उरलेलं पांढरं, पोकळ अंग उभं चिरतात.

आता जवळून बघा. आतल्या अंगाला, दोन्हीकडे एकेक, चांदणीच्या आकाराची गाठ आहे. तिथून मज्जातंतू फाकलेत. धोका दिसला की म्हाकूळ अंगातलं पाणी एका दमात फेकतो आणि उलटा सुसाट सुटतो. त्यासाठी सगळं अंग एकाच क्षणी आवळावं लागतं. लांबवरचा निरोप वेळेत पोचायचा तर तंतू जाड हवा. काही जातींत तो अर्धा मिलिमीटर भरतो. आपल्या मेंदूतले बहुतेक तंतू याहून शेकडो पटींनी बारीक.

या जाडीनंच वाट मोकळी केली. १९३९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथला अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूत बारीक काचनळी सरकवली आणि निरोप जाताना आतलं व्होल्टेज मोजलं. एरवी ऋण असणारं ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरतं धन होतं. १९५२मध्ये त्यांनी कारणही मांडलं: आधी सोडियम आत शिरतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं. हे निवेदन ऐकताना तुमच्याही मेंदूत तेच चाललंय.

आणि आठवण? ती एका तंतूत सापडत नाही. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी त्यासाठी समुद्री ससा ही गोगलगाय घेतली. चेतापेशी सुमारे २०,०००. माणसात ८,६०० कोटींच्या घरात. तिच्या नळीला हलकं शिवलं की ती कल्ला आत ओढते. शेपटीला विजेचा झटका दिला, की पुढे नुसत्या स्पर्शानंही कल्ला जोरात आक्रसतो. एका झटक्याची आठवण काही मिनिटं टिकते, पुनःपुन्हा दिलेल्या झटक्यांची कित्येक दिवस. पहिलीत पेशींमधले जुनेच दुवे बळकट होतात, दुसरीत नवे दुवे उगवतात. एवढा अवाढव्य प्रश्न एका कल्ल्याच्या हालचालीपर्यंत आणायचा, याला मोठी हिंमत लागते. कँडल यांना २०००चं नोबेल मिळालं.

एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनची रंगीत चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. जिवंत माणसाचा मेंदू न चिरता त्यात डोकावता येतं, हे थोरच. पण ती चित्रं रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दाखवतात आणि तो बदल काही सेकंदांनी येतो. तोवर तंतूतला निरोप केव्हाच पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला आजही पेशीपाशीच जावं लागतं.