डेंटिस्ट स्वतः भूल देऊ शकतो का? परमिट नेमकं कशाचं असतं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत लहान मुलांच्या दातांबद्दल बोलताना भुलेचा ओझरता उल्लेख केला आणि खाली प्रश्नांची रांग लागली. म्हापशाच्या एका ताईंनी लिहिलंय, "माझी बहीण कॅलिफोर्नियात असते. तिच्या मुलाची अक्कलदाढ काढताना तिथल्या सर्जनने भूल स्वतःच दिली. मग आमचा डेंटिस्ट भूलतज्ज्ञ वेगळा का बोलावतो? बिल वाढवायला?" मी फोंड्याला भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, तेव्हा याचं उत्तर मी द्यायलाच हवं.

आधी मूळ गोष्टी, भराभर. हिरडीत इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधीर करतात, तो आजचा विषय नाही. आजचा विषय गुंगीचा, म्हणजे सिडेशनचा. तिच्या चार पायऱ्या. पहिलीत माणूस सैलावतो, नीट बोलतो. दुसरी मध्यम सिडेशनची, इथे डोळे मिटतात, पण हाक मारली, खांद्याला हात लावला की प्रतिसाद देतो. तिसरी खोल सिडेशनची, इथे पुन्हा पुन्हा हलवावं लागतं किंवा दुखवावं लागतं, तेव्हा कुठे प्रतिसाद येतो. चौथी संपूर्ण भूल. दुखवलं तरी जाग नाही.

अमेरिकेत डेंटिस्टला परवाना देतं ते त्या त्या राज्याचं डेंटल बोर्ड, आणि गुंगीचं परमिट त्याहून वेगळं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून मध्यम सिडेशनचं एक परमिट आणि खोल सिडेशन व संपूर्ण भुलेचं दुसरं. हे दुसरं मिळवायला तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, किंवा भूलशास्त्राचं निदान वर्षभराचं प्रगत शिक्षण लागतं. बोर्डाची माणसं क्लिनिकमध्ये येऊन तपासणी करतात. लहान मुलांसाठी परमिटवर आणखी एक मान्यता घ्यावी लागते. सात वर्षांखालच्या मुलांना भूल द्यायची, तर आधीच्या २४ महिन्यांत त्या वयाच्या किमान २० मुलांना भूल दिल्याचं दाखवावं लागतं. २०१५ साली तिथे सहा वर्षांचं एक मूल दात काढताना दिलेल्या भुलेत दगावलं. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला, म्हणून हे नियम इतके कडक झाले.

म्हणजे ताई, तुमच्या भाच्याचा सर्जन हे सगळं शिकून आलेला होता. आपल्याकडे डेंटिस्टसाठी असं वेगळं परमिटच नाही. बीडीएस झाल्यावर गोवा राज्य दंत परिषदेकडे नोंदणी होते, ती दातांवर उपचार करण्याची. म्हणून शहाणा डेंटिस्ट खोल भुलेसाठी भूलतज्ज्ञाला बोलावतो किंवा जिथे ही सोय आहे तिथे पाठवतो.

आता जे मला खरं सांगायचंय ते. "डॉक्टर, हलकीच गुंगी द्या हं, पूर्ण भूल नको." हे वाक्य मी सतत ऐकते. पालकांकडून ऐकते, त्याचं काही नाही. क्लिनिकवाल्यांकडून ऐकते तेव्हा राग येतो. एका ठिकाणी तर मला सांगितलं, थोडं मिडाझोलम (हे गुंगीचं औषध) द्या, मॉनिटर लावून मुलाला घाबरवू नका. मी नाही म्हटलं आणि निघून आले.

गुंगी किती खोल जाणार हे फॉर्मवर लिहून ठरत नाही. तोच डोस एका मुलाला नुसता सैलावतो, दुसऱ्याला थेट तिसऱ्या पायरीवर नेतो. म्हणून जगभर मान्य झालेलं तत्त्व असं: ज्या पायरीवर न्यायचंय तिच्यापेक्षा खोल रुग्ण गेला, तर त्याला तिथून परत आणता आलं पाहिजे. परमिट मुळात याचं आहे. औषध कुणालाही टोचता येतं. थांबलेला श्वास सुरू करणं शिकावं लागतं.

हेच औषधांच्या बाजूने बघा. मिडाझोलमला उतारा आहे, फ्लुमाझेनिल. वेदना मारणाऱ्या फेंटानिलला नॅलोक्सोन आहे. शिरेतून देऊन झोपवणाऱ्या प्रोपोफॉलला काहीच नाही. रुग्ण खोल गेला की औषध उतरेपर्यंत त्याचा श्वास आपण चालवायचा. ज्याला मास्क लावून फुगा दाबता येत नाही, त्याने प्रोपोफॉलची कुपी उघडू नये.

आणि आता माणसांच्या बाजूने. दातांच्या कामात डॉक्टरचे हात नेमके श्वासाच्या वाटेवरच असतात. तोंडात पाणी, रक्त, कापूस, नजर दाढेवर. छातीकडे कोण बघणार? एका काकांनी लिहिलंय की बोटाला ऑक्सिमीटर लावला होता, ९८ दाखवत होता, मग काळजी कसली? काका, नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास थांबल्यावरही तो आकडा काही वेळ ९८ च राहतो. कॅप्नोग्राफची रेघ मात्र लगेच सपाट होते, कारण ती बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजते. म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१६ ची मार्गदर्शक सूचना खोल सिडेशनला कमीत कमी तीन माणसं मागते. भूल देणारा आणि दात काढणारा एकच असेल, तर उरलेल्या दोघांतल्या एकाने फक्त रुग्णावर लक्ष ठेवायचं. अमेरिकेतल्याच बालरोगतज्ज्ञ आणि बालदंततज्ज्ञांची २०१९ ची संयुक्त सूचना मुलांसाठी आणखी पुढे जाते. भूल देऊन निरीक्षण करणारी पात्र व्यक्ती दात काढणाऱ्याहून वेगळीच हवी, असं ती सांगते. आपल्याकडे परमिट नसलं तरी हा नियम पाळायला कुणाची आडकाठी आहे?

तेव्हा फोन करून विचारा. भूल कोण देणार, त्यांचं शिक्षण काय? काम चालू असताना श्वासावर लक्ष ठेवायला कोण? कॅप्नोग्राफ आहे का? उलटसुलट झालं तर मूल कुठे नेणार? नुसतं "१०८ ला फोन करू" हे मला उत्तर वाटत नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं क्लिनिकमधल्या माणसांनीच सांभाळायची असतात. सत्तरी तालुक्याच्या टोकाला राहणाऱ्यांनी तर हा प्रश्न दोनदा विचारा. हृदयाचा किंवा श्वासाचा मोठा आजार असलेलं मूल असेल तर बांबोळीचा रस्ता धरा, तिथे दंत महाविद्यालय आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल, शेजारी शेजारी आहेत.

शेवटचं, पेजेबद्दल. खूप आज्यांचा हा प्रश्न असतो. "डॉक्टर, पोर उपाशी रडतं, सकाळी वाटीभर पेज दिली, ती काय पाणीच!" आजी, पेज हे अन्न आहे. भूल द्यायच्या आधी पेज, भात, दूध सहा तास बंद. तेलकट, तुपकट काही खाल्लं असेल, चवथीच्या नेवऱ्या असतील, तर आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आणि चुकून दिलीच पेज, तर लपवू नका, आम्हाला सांगा. आम्ही वेळ पुढे ढकलतो, कुणी रागावत नाही.